सिरियलच्या पैशावर सिनेमा

मी सिरियल लिहिते असं सांगितलं की इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय स्वतःच्या बळावर केलेल्या, सिनेमावाल्यांच्या तोंडून एक बारीकसं "अच्छा" येतं. वाईट काही म्हणत नाहीत, पण पुढचं वाक्य शेजारच्याशी बोलायला लागतात. आणि सिरियलवाल्यांना सांगितलं की बाजूला स्वतःची फिल्म चालू आहे, तर त्यांचा एकच प्रश्न, "पैसे कोण टाकतंय?" दोघांचंही बरोबरच आहे म्हणा. बरीच वर्षं दोन्हीकडे पाय ठेवून आहे, आणि हल्ली "ताई, इंडी (इंडिपेंडंट) फिल्ममध्ये करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू" असं विचारणारी मुलंमुली वाढलीयत, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे इंडी फिल्म करून महिन्याचं भाडं निघत नाही. कोणाचंच नाही. आपल्याला लोकांचं बक्षीस दिसतं, मधली वर्षं दिसत नाहीत. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला 2014 ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये दोन बक्षिसं मिळाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याआधी स्क्रिप्टला रॉटरडॅम फिल्म फेस्टिव्हलच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाची मदत होती, आणि विवेक गोंबर नावाच्या नटानं निर्माता म्हणून त्यात पैसा घातला, शिवाय फिल्ममध्ये वकिलाची भूमिकाही केली, हे कोणी सांगत नाही. असा माणूस प्रत्येकाच्या मित्रमंडळात नसतो हो. माझ्या तर नाहीचे.

मग लोक म्हणतात सरकारी अनुदान आहे की. आहे, आणि त्यावर अनेक मराठी फिल्म तगल्यात, पण ते मिळतं फिल्म पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण होऊन दर्जा ठरल्यावर. म्हणजे शूटिंगच्या दिवशी जनरेटरवाल्याला त्यातून पैसे देता येत नाहीत. तो उधारीवर लाइट लावत नाही. त्यामुळे फिल्मच्या बाहेर कमाईचं काहीतरी लागतंच, आणि खरा प्रश्न तिथे आहे की ते काहीतरी कुठलं असावं.

इथे माझं एक मत आहे, पटलं तर बघा. पोटासाठी असं काम धरावं की ज्यानं तुमची कला तर तयार होते पण फिल्मला जे लागणार आहे तेच नेमकं संपून जात नाही. अविनाश अरुणचं बघा, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेतून कॅमेरा शिकलेला माणूस, 'किल्ला' दिग्दर्शित केला, 2014 ला बर्लिनला मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं, तरी त्यानं कॅमेरा सोडला नाही, दुसऱ्याची 'मसान' शूट केली, आणि नंतर 'पाताल लोक'सारखी वेब सिरीज दिग्दर्शित केली. डीओपी, म्हणजे छायाचित्रकार, म्हणून दुसऱ्याच्या सेटवर गेलं तर नजर तयार होत राहते, आणि आपल्या डोक्यातली गोष्ट कोणी मागत नाही. हे फार महत्त्वाचंय. एडिटरचंही तसंच, साउंडवाल्यांचंही. लेखकाची मात्र गोची होते, कारण दिवसभर तेच भांडं घासायचं आणि रात्री त्याच भांड्यात स्वतःचं शिजवायचं.

सिरियलचं काम कसं चालतं ते बाहेरच्याला माहीत नसतं म्हणून सांगते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथेवाल्यानं पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कशी पुढे जाईल ते, लिहायचा, तो चॅनेलकडून पास व्हायचा, पटकथावाल्यानं त्याचे एपिसोड पाडून सीन काढायचे, मग संवादवाल्याच्या गळ्यात. एपिसोड साधारण बावीस मिनिटांचा, आठवड्याला सहा, कधी रविवारी महाएपिसोड. बँक म्हणजे आधीच शूट होऊन पडलेले एपिसोड, ती असली तर जग सुंदर असतं, पण ती नसते, त्यामुळे सकाळी शूट होणारा सीन रात्री दीडला लिहिला जातो. गुरुवारी टीआरपी येतो आणि गुरुवारी दुपारपासून सगळ्यांचे फोन एकतर येत राहतात किंवा एकदम बंद होतात. मग सेटवरून एडीचा, म्हणजे सहायक दिग्दर्शकाचा, फोन, मॅडम, काकांची भूमिका करणारे आज दुसऱ्या शूटला गेलेत, त्यांचे डायलॉग आत्याला देता येतील का. देता येतात. सगळं देता येतं. आत्याच्या तोंडी ते कसे शोभतील हे चहा पिता पिता ठरवायचं.

याचा फायदा नाही असं जे म्हणतात त्यांनी कधी डेडलाइनवर लिहिलेलं नाही. एका घराच्या सेटवर, दिवसाउजेडी, चारच कलाकारांत सीन कसा उभा करायचा हे मला सिरियलनं शिकवलं आणि माझ्या शॉर्टफिल्मला तेच उपयोगी पडलं, कारण तिथेही एक घर आणि चारच माणसं परवडणार होती. "सिरियल करून हात बिघडतो" हे वाक्य मला बोगस वाटतं. हात नाही बिघडत, पण आटतो. दिवसाला एका एपिसोडचे संवाद लिहिल्यावर रात्री स्वतःच्या पात्राला बोलतं करायला बसलं की ते पण सासूसारखं बोलायला लागतं, शपथ. म्हणून मी संवाद सोडून पटकथेकडे गेले. पैसे थोडे कमी, पण तिथे रचनेचं डोकं लागतं, भाषा माझ्याकडे शिल्लक राहते. हे सगळ्यांना जमेलच असं नाही, सुरुवातीला जे मिळेल ते करावं लागतं, पण दोनतीन सिरियल झाल्यावर पटकथेचं काम मागून बघायला काय हरकत आहे.

पैशाचं थोडं बोलू कारण ते कोणी बोलत नाही. एपिसोडमागे मानधन ठरतं, बिल लावल्यावर नव्वद दिवसांनी वगैरे येतं, म्हणजे काम सुरू केल्यावर पहिले तीनचार महिने घरात काही येणार नाही असं धरूनच चालायचं. दहा टक्के टीडीएस कापला जातो, ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो आणि ओळखीतल्या कितीतरी जणांच्या शॉर्टफिल्मचा खरा प्रोड्युसर तो रिफंड आहे 😄 चांगला सीए गाठा, खरंच. एक निर्मिती संस्था माझे शेवटच्या महिन्यांचे पैसे देता देता बंदच पडली, तेव्हापासून मी थकबाकी वाढू देत नाही, सरळ फोन करते, लाज वाटत नाही.

आणि कागद. स्वतःची गोष्ट कोणाला ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करा, ऑनलाइन होतं, खर्च किरकोळ. करारात "सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी" असं एक वाक्य असतंच असतं, ते वाचल्याशिवाय सही करू नका. कॉपीराइट कायद्यात 2012 ला झालेल्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला सहजासहजी लिहून घेता येत नाही, पण हे माहीत असेल तरच समोरच्याला सांगता येतं ना.

शॉर्टफिल्मला कमी लेखू नका असंही सांगेन. उमेश कुलकर्णीची 'गिरणी' आधी आली, 'वळू' नंतर. नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' आधी, 'फँड्री' नंतर. निर्मात्याला तुमची स्क्रिप्ट वाचायला वेळ नसतो, पंधरा मिनिटं बघायला असतो. फक्त तीत जेवणावर पैसे वाचवायला जाऊ नका, फुकटात आलेली युनिट दुपारच्या जेवणावर टिकते.

फिल्म झाली की सुटलो असं वाटतं तेही खरं नाही. 'स्थळ' ही मराठी फिल्म 2023 च्या सप्टेंबरात टोरांटोच्या फेस्टिव्हलला दाखवली गेली, आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे थिएटरला लागली 2025 च्या मार्चमध्ये. बक्षीस मिळालेल्या फिल्मची ही गत. आणि लागल्यावर सकाळी साडेनऊचा शो, सोमवारी उतरली की संपलं. त्यामुळे सबटायटल, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), फेस्टिव्हलच्या एंट्री फी हे सगळं बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. गोव्याचा फिल्म बाजार, जिथे फिल्मवाले निर्माते आणि खरेदीदार शोधतात, तो नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलला जोडून असतो, पुण्याचा फिल्म फेस्टिव्हल पिफ साधारण जानेवारीत, दोन्हींच्या एंट्री खूप आधी बंद होतात.

माझ्या फिल्मचं म्हणाल तर एडिट लॉक झालंय, म्हणजे आता त्यात बदल नाही, साउंड अडकलंय. साउंडवाला मित्र अर्ध्या पैशात करतोय आणि आत्ता तो एका वेब सिरीजवर आहे, तिथे त्याला पूर्ण पैसे मिळतायत, त्यामुळे त्याच्या तारखांवर माझं काही चालत नाही. तोवर मी पुढच्या आठवड्याचे एपिसोड पाडतेय, आत्याला कारखान्यात पाठवायचंय.