नवगावचा घाणा: अखेर तेल सुटलं!

काल सुटलं! अलिबागजवळच्या नवगावच्या जुन्या तेलघाण्याची चौथाई मापाची चालती प्रतिकृती मी एका देखाव्यासाठी बनवतोय, तिच्यातून तिळाचं तेल आलं. चमचाभरच, गढूळ, पण वास असा की अख्खी पडवी घमघमली. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा उखळात नुसता तिळाचा भुगा फिरत होता.

लाटेचा, म्हणजे उखळात फिरणाऱ्या लाकडी दांड्याचा, उतार बरोबर होता, लाकूड चिंचेचं होतं. घोडं अडलं होतं वजनापाशी. सगळी मापं चौथाई केली की वजन 64 पटींनी उतरतं, पण लाट उखळाला घासते ती जागा 16 पटींनीच कमी होते. म्हणजे तिळावरचा दाब खऱ्या घाण्याच्या चौथा हिस्सा. दिसायला हुबेहूब, पण तीळ चिरडायची ताकदच नाही! लाटेला दाब देणाऱ्या वजनाच्या फळीवर जांभ्याचे तुकडे रचत गेलो, तर ढीग उंच होऊन डुलायला लागला आणि लाट कलंडायची. शेवटी जांभा उतरवून लोखंड ठेवलं. ते सुमारे तिप्पट जड, त्यामुळे ओझं बुटकं राहिलं. उरलेली कसर वजन फळीच्या बाहेरच्या टोकाकडे सरकवून भरून काढली. लोखंड झाकणार नाही. बघणाऱ्याला ते का लागलं हे कळायला हवं.

दाब आला तरी तेल पेंडीतच अडकून राहायचं. मोठा घाणा घर्षणाने तापतो, छोट्याची ऊब टिकत नाही. म्हणून उखळ आधी उन्हात तापवलं. तेलीकाम केलेले शेजारचे आजोबा बघत होते. म्हणाले, "अरे, कोमट पाणी शिंपड. ओतू नको, शिंपड." हाताने थोडं थोडं शिंपडलं आणि पेंड गोळा होऊन उखळाच्या कडेला घट्ट बसली, मधे तेल साचलं. फडक्याने टिपून वाटीत पिळलं. तो क्षण मी कधीच विसरणार नाही.

उखळ पोखरायला गोल पात्याची पटाशीच घ्या. ग्राइंडरने कड गुळगुळीत होते आणि तीळ नुसते घसरतात. आणि वखारीतलं लाकूड वाळलेलं आहे या शब्दावर विसंबू नका, माझा पहिला ओंडका आतून तडकला.

पेंड उखळात राहिली तर वाळून दगड होते, आज सकाळी ती छिन्नीने काढावी लागली. त्यावरून एक विचार आला. नवगावला जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा सांगते. त्यांचे वंशज गावोगाव तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. त्यांचा सुट्टीचा शनिवार शुक्रवारी मावळतीलाच सुरू होतो. मग शुक्रवारी दिवस मावळायच्या आत उखळ खरवडून, पेंड गुरांना घालून मोकळं होणं भागच असणार. हे काम कुणाचं? घरातल्या बायकांचं, पोरांचं? माझ्या देखाव्यात बैल जुंपलेला दाखवणार होतो. आता तो बेत बदलला. शुक्रवारची संध्याकाळ दाखवायची: बैल सोडलेला, उखळ रिकामं, बाजूला पेंडीची टोपली.

म्हणजे कौलारू घर पुढे ढकललं, आधी टोपली विणायला घेतो. खोबऱ्याचा घाणाही डोक्यात आहे, पण त्याला उखळ जरा वेगळं लागेल असं वाटतंय. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात कुणाच्या परसात जुनं उखळ पडलेलं असेल तर आतल्या खोलगटाचं माप आणि फोटो पाठवा. तोंडाच्या रुंदीपेक्षा तळाचा उतार मला जास्त हवा आहे.