आत्यांचा मध्यम, भाचीचा षड्ज

दिवाळी आटोपली की कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांत एकच विषय निघतो: यंदा नाताळच्या उपासनेत कोण काय गाणार? मी शाहूपुरीत पियानो आणि पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकवते, साथीलाही बसते. त्यामुळे गाणी निवडायचं काम दर वर्षी माझ्याकडेच येतं आणि ते मला मनापासून आवडतं. त्यातला एक शनिवार सांगण्यासारखा आहे.

सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजाची, माझी एक विद्यार्थिनी आईला आणि आत्याला घेऊन आली. लहानपणापासून ख्याल शिकलेली मुलगी. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब होते, १८८३पासून देवल क्लब उभा आहे, अशा गावात ख्रिस्ती घरातली पोरसुद्धा आधी तानपुऱ्यापुढेच बसते. पाश्चात्त्य गाणं ती माझ्याकडे कॉलेजात गेल्यावर शिकू लागली. आत्या निवृत्त स्टाफ नर्स. क्वायरमध्ये वर्षानुवर्षं आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायलेल्या.

"टीचर, ओ होली नाईटच घ्यायचं," ती आल्या आल्या म्हणाली. "ई फ्लॅटच्या पट्टीत. वरचा बी फ्लॅट लागतोय मला."

अडॉल्फ आदामचं हे १८४७चं फ्रेंच गाणं. 'जिझेल' या बॅलेचं संगीत करणारा हा माणूस रंगभूमीवरचा. शेवटी आवाज चढवून श्रोत्यांना उभं कसं करायचं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मी साथ धरली. वरचा बी फ्लॅट खरोखरच लागला, स्वच्छ लागला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझं लक्ष मात्र त्या सुराच्या आधीच्या ओळींकडे होतं. या पट्टीत गाण्याचा उत्तरार्ध आवाजाला वरच टांगून ठेवतो, खाली उतरू देत नाही. पहिलं कडवं छान गेलं, दुसऱ्यात आवाज घट्ट झाला, तिसऱ्यात मान ताठली आणि शब्द कळेनासे झाले. गाणं निवडताना मी सर्वांत वरचा सूर कोणता हे शेवटी बघते. आधी बघते, सूर बहुतेक वेळ कुठे वावरतात. त्याला टेसिट्यूरा म्हणतात. वरच्या सुराकडे पाहुणं म्हणून जाऊन येता येतं. टेसिट्यूरा म्हणजे गाण्याचं घर, तिथे राहावं लागतं. तिला हे सांगितलं तेव्हा ती हिरमुसली, पण ऐकत होती.

"मग आवे मारिया?" आईंनी विचारलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बहुतेकांना हे गाणं आठवतंच. शूबर्टचं ते गीत १८२५चं, वॉल्टर स्कॉटच्या दीर्घकाव्यातल्या नायिकेची प्रार्थना. त्यात नाताळ नाहीच. बाखच्या प्रिल्यूडवर गुनोनं बांधलेलं 'आवे मारिया'ही मरियेला उद्देशून केलेली प्रार्थनाच. आमची मंडळी १८५२मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन पंथाकडे गेलेल्या मिशनच्या वळणाची. मरियेबद्दल आदर पुष्कळ, पण उपासनेत तिच्याकडे प्रार्थना होत नाही. गाणं कितीही सुंदर असलं, तरी ऐकणाऱ्याला 'आमेन' म्हणताना अडखळायला होत असेल, तर ते त्या ठिकाणचं गाणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मरिया हवीच असेल तर माक्स रेगरचं १९१२चं अंगाईगीत आहे. गुलाबांच्या झाडीत बसून ती बाळाला झुलवते, एवढंच चित्र. त्यात जुन्या जर्मन नाताळगीताची चाल अलगद विणली आहे. मुलीनं पहिलं कडवं हळू आवाजात गायलं आणि खोली बदलली. एकट्यानं गायचं गाणं तिथेच ठरलं.

आता आत्या-भाचीसाठी युगुलगीत. बाखच्या नाताळ ऑरेटोरिओतला (ऑरेटोरिओ म्हणजे अभिनयाशिवाय गायची मोठी धार्मिक रचना) सोप्रानो-बास दुमेळ बास, म्हणजे पुरुषाचा खर्जातला आवाज, नसल्यानं बाद. त्याच्याच चौथ्या भागातली, १ जानेवारी १७३५ला लाइपझिगमध्ये गायलेली एको आरिया, म्हणजे प्रतिध्वनीचं गाणं, माझी फार लाडकी आहे. सोप्रानो येशूला प्रश्न विचारते आणि लांबून दुसरा आवाज 'नाही', 'होय' असं उत्तर देतो. ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्यही प्रतिध्वनी करतं. पण आमच्याकडे ओबो कुठला? कीबोर्डवरच्या ओबोच्या आवाजानं ते करायला मी तयार नाही. सें-साँच्या १८५८च्या ऑरेटोरिओतल्या 'बेनेडिक्टुस'ला बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधला आवाज, हवा. उरलं हुंपरडिंकच्या 'हेन्सेल आणि ग्रेटेल' ऑपेरातलं संध्याकाळच्या प्रार्थनेचं गाणं. हा ऑपेरा २३ डिसेंबर १८९३ला वायमारमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. जंगलात हरवलेली दोन भावंडं झोपण्यापूर्वी चौदा देवदूतांना आठवतात. दोन्ही आवाज स्त्रियांचे.

"आत्या, तुम्ही खालची ओळ घेता?"

"मी? माझा आवाज आता कुठला चढतोय! खालीच राहू दे की."

दोघी गायल्या. सूर बेसूर नव्हते, तरी काहीतरी सतत खरवडत होतं. कारण लवकरच कळलं: भाचीचा गांधार. पियानोची जुळणी समान अंतरांची असते, त्यात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो (पियानोच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंटचं अंतर). तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार ३८६ सेंटच्या आसपास असतो. या मुलीचा कान तानपुऱ्यावर घडलेला, म्हणजे ती चौदा सेंट खाली आणि खरं तर अगदी सुरात. आत्यांचा कान चर्चच्या ऑर्गनवर पोसलेला. हे गाणं तर बरंचसं अशाच गांधाराच्या अंतरानं शेजारी शेजारी चालतं. मी उजवा हात उचलला, डाव्या हातानं फक्त खर्जाचा सूर धरून ठेवला, आणि दोघींना ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. आत्या हळूहळू भाचीकडे सरकल्या आणि दोन्ही आवाज मिळाले. सुरेख झालं ते. पण उपासनेत पूर्ण साथ असणार, आणि त्यात हा मेळ टिकायला महिना पुरला नसता.

तेव्हा मी हँडेल काढला. 'मसीहा' त्यानं १७४१च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चोवीस दिवसांत लिहिला. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ला डब्लिनमध्ये, म्हणजे नाताळाशी त्याचा संबंध नंतरच जुळला. त्यात मेंढपाळाचं एक गाणं आहे. मुळात ते अख्खं सोप्रानोसाठी, बी फ्लॅटमध्ये होतं. पुढे हँडेलनंच त्याचा पूर्वार्ध एफमध्ये उतरवून आल्टोला दिला: यशया ४०मधला, कोकरांना कवेत घेणारा मेंढपाळ. उत्तरार्ध बी फ्लॅटमध्येच सोप्रानोकडे राहिला: मत्तय ११मधलं कष्टी व भाराक्रांत जनांना बोलावणारं वचन. दोन आवाज, पण दोघी एकदाही एकत्र गात नाहीत. एकीनं ठेवायचं, दुसरीनं उचलायचं. गांधाराचा प्रश्नच मिटला.

बारा-आठच्या ठेक्यात मी सुरुवात वाजवली. दादऱ्याला सरावलेल्या कानाला हे हेलकावे परके वाटत नाहीत. आत्या गायल्या. आवाजात वयाचा कंप होता, पण प्रत्येक शब्द जागच्या जागी. त्यांची ओळ संपली, साथीनं पट्टी बदलली आणि मी भाचीला मानेनं खूण केली. दोन ओळी गाऊन ती थांबलीच.

"टीचर, ही तर माझी काळी पाच!"

"आणि आत्यांचा सा कुठला होता?"

तिनं पेटीच्या पट्ट्या मनात मोजल्या. "पांढरी चार. म्हणजे... आत्यांच्या मध्यमाला मी सा केला?"

अगदी तेच. भजनात, ठुमरीत आपण मध्यमाला षड्ज मानून गातो तेव्हा तेच सूर एकदम मोकळे वाटतात. हँडेलनं आल्टोकडून सोप्रानोकडे जाताना नेमकं तेवढंच अंतर ठेवलं आहे. आणि तो सा या मुलीच्या रोजच्या रियाजाचा निघाला. सूर मध्य पंचमापासून तार पंचमाच्या आसपास फिरत राहतात. तिथे ती निजलेली उठवली तरी गाईल. पुन्हा सुरुवात केली तेव्हा तिची मान सैल होती आणि वचन शब्दन् शब्द कळत होतं.

"आमच्या वॉर्डात भिंतीवर हेच वचन होतं," आत्या म्हणाल्या. "नाइट ड्यूटीला रोज डोळ्यांपुढे."

मग बारीक कामं. भाचीची मींड मी बरीच काढायला लावली, कारण प्रत्येक सुरावरून घसरत गेलं की हेलकावे मोडतात. शेवटच्या विरामाआधीची एक छोटी जागा मात्र राहू दिली. हँडेलच्या काळातले गायक अशा जागी आपल्या पदरचं काहीतरी घालतच. तिला 'मसीहा'तलंच सोप्रानोचं 'रिजॉइस ग्रेटली'ही हवं होतं. त्यातल्या लांब पल्ल्याच्या तानांचा मोह मला समजतो. पण तिची तान गळ्यातून गमकेनं येते, इथे ती श्वासावर, समान दाण्यांची हवी. त्याला निदान सहा महिने लागतील, तेव्हा ते पुढच्या नाताळला. गाण्याआधी दोन्ही वचनं मराठीत वाचावीत, असं मी पाळकसाहेबांना कळवायचं ठरवलं.

"आणि ओ होली नाईट?" आईंनी निघताना विचारलं.

तेही होणार, पंचवीस तारखेला संध्याकाळी कंपाउंडातल्या कार्यक्रमात. सी या खालच्या पट्टीत, दोनच कडवी, ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं. मुलीनं विचारलं, वरचा सूर घेऊ का? सी मध्ये तो जी होतो. म्हटलं, खुशाल घे.

आत्या अजून खुर्चीतच होत्या. कोकरांच्या ओळीला त्यांचा श्वास अर्ध्यातच संपत होता. त्यांनी माझी पेन्सिल मागितली, ओळ दोनदा पुटपुटून पाहिली, आणि जिथे अर्थ तुटत नाही तिथे श्वासाची खूण केली. मी कुठे करणार होते, तिथेच.