ठिगळाच्या समोरची बाजू

पंक्चर काढल्यावर सायकलची ट्यूब टायरबाहेर फुगवून बघितलीये का कधी? मी परवा बघितली, लेकीच्या सायकलची. पंक्चरवाले काका हवा मारत होते, ट्यूब सगळीकडून छान फुगत होती, पण पॅच लावलेली जागा हट्टाने तशीच बसून राहिली आणि तिच्या बरोब्बर समोर आलं टेंगूळ. काका म्हणाले, "पॅच नाय सुटनार ताई, गेलीच तर हितनं जाईल," आणि बोट टेंगळावर.

मला एकदम माझा मावसभाऊ आठवला. त्याच्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला, असाच पॅच आहे, लहानपणीचा. डाव्या हाताची रक्तवाहिनी जिथून निघते तिथून जरा पुढे महाधमनी चिमटीत धरल्यासारखी अरुंद होती, त्यामुळे हातात बीपी भरमसाट आणि मांडीतली नाडी हाताला लागतच नव्हती. स्टॉकहोमच्या क्राफोर्ड नावाच्या सर्जननी 1944 ला असला अरुंद भाग कापून दोन्ही टोकं जोडून दाखवली होती, पण भाग लांब असला तर टोकं एकमेकांपर्यंत पोचायला नकोत का? म्हणून मग 1957 मध्ये जर्मनीतल्या फोसशुल्टे या सर्जननी उभी चीर देऊन त्यात ठिगळ शिवायची युक्ती काढली. पुढे त्यासाठी डेक्रॉन सर्रास वापरलं गेलं. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच हो, शर्टपँटच्या टेरिलीनचा सख्खा भाऊ! ह्यूस्टनचे डॉक्टर डीबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपलेलं, म्हणून हे घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. मला हा किस्सा भारी आवडतो.

गडबड अशी की महाधमनी म्हणजे काही नुसता पाइप नाही. दर ठोक्याला ती ताणते, मग आकसून रक्त पुढे ढकलते, दिवसातून लाखभर वेळा. डेक्रॉन जवळजवळ ताणतच नाही, मग ताणायचं सगळं काम समोरच्या मूळ भिंतीवर. त्यात पूर्वी ऑपरेशन करताना त्याच भिंतीच्या आतला, वाट अरुंद करणारा उंचवटा कापून काढायचे, म्हणजे ती आधीच कमजोर. भिंतीतले लवचिक तंतू मोठेपणी शरीर धड नव्याने बनवत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांनी ती तिथेच पातळ होऊन फुगायला लागते, आणि एकदा फुगली की बीपी तेवढंच असलं तरी घेर वाढल्यामुळे ताण अजून वाढतो. बऱ्याच पेशंटमध्ये हे दिसल्यावर डेक्रॉनचं ठिगळ मागे पडलं. ज्यांना आधीच लागलंय त्यांना मात्र जन्मभर तपासण्या.

आमची आजी गोधडीला कधी नवं मांजरपाट लावायची नाही, तसलंच मऊ धुवट लुगडं शोधायची. नवं कापड जुन्याला ओढतं म्हणायची. मला तेव्हा तो चिकूपणा वाटायचा.

गेल्या महिन्यात भावाचा एमआरआय झाला. सगळे टेन्शनमध्ये. डॉक्टरांनी बराच वेळ स्क्रीनकडे बघून सांगितलं की समोरची भिंत मागच्या वेळी होती तेवढीच आहे, काही वाढ नाही, आता पुढच्या तपासणीला या. भाऊ सुटल्यासारखा हसला, मी पण.

मावशीने पर्स उचलता उचलता विचारलं, "आणि डॉक्टर, पॅच कसाय?"