आमची वाटचाल : पॅनेल जोडणीपासून आर्क फ्लॅशच्या हिशेबापर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत पॅनेल जोडणीपासून आम्ही सुरुवात केली आणि पुढे फाउंड्र्यांच्या एलटी रूमची, म्हणजे कमी दाबाच्या विजेच्या पॅनेलखोलीची, देखभाल हाती आली. ती वर्षे बरी गेली. लिहायचे आहे ते एका स्टिकरविषयी : आर्क फ्लॅश, म्हणजे शॉर्टसर्किट होऊन हवेतून उसळणारा विजेचा लोळ, किती भाजेल हे पॅनेलवर सांगणाऱ्या स्टिकरविषयी.

सीमाभागातील एका मोठ्या कारखान्याचा आर्क फ्लॅश अभ्यास आमच्याकडे येण्याच्या बेतात असताना बाहेरच्या एका फर्मने तो आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या दरात उचलला आणि झाडून सगळ्या पॅनेलांवर एकाच आकड्याचे स्टिकर चिकटवून बिल वसूल केले. 1000 केव्हीए, 433 व्होल्ट आणि 5 टक्के इम्पिडन्सच्या (अंतर्गत रोधाच्या) ट्रान्सफॉर्मरचा शॉर्टसर्किट करंट सुमारे 26.7 किलोॲम्पिअर येतो, हे आमच्याकडचा शिकाऊ मुलगाही सांगेल. त्यांनी तोच आकडा धरला आणि ब्रेकर तत्काळ उडून वीज तोडेल असे मानले. प्रत्यक्षात आर्कला स्वतःचा रोध असतो, त्यामुळे एलटीवर तिचा करंट कित्येकदा निम्म्याच्या आसपास, म्हणजे 14 किलोॲम्पिअरच्या घरात उतरतो. 1600 ॲम्पिअरच्या एसीबीचे (मोठ्या एअर सर्किट ब्रेकरचे) इन्स्टंटेनियस, म्हणजे क्षणात उडण्याचे, सेटिंग दहापट, म्हणजे 16 किलोॲम्पिअरवर असेल, तर तो या करंटला लगेच उडतच नाही आणि शॉर्ट टाइम डिले, म्हणजे मुद्दाम ठेवलेला छोटा उशीर, संपण्याची वाट पाहतो. 0.1 ऐवजी 0.4 सेकंद लागले की उष्णता चौपट. आणि उघड्या कातडीला दुसऱ्या दर्जाचे भाजायला प्रति चौरस सेंटीमीटर 1.2 कॅलरी पुरतात. आर्क फ्लॅशच्या हिशेबाचे आयईईई 1584 हे मानक कमी करंटचाही हिशेब तपासायला लावते ते यासाठीच.

त्या कारखान्यामागोमाग त्याच्या ओळखीची गिऱ्हाइकेही गेली, बँकेचे हप्ते थकले आणि आमचे सेकंडरी इंजेक्शन किट विकायला काढावे लागले. ब्रेकरच्या रिलीजला, म्हणजे त्याला उडवणाऱ्या भागाला, मोजून करंट द्यायचा आणि काँटॅक्ट उघडताच थांबलेले मिलिसेकंद वाचायचे, एवढेच त्याचे काम. पण कागदावरचा वेळ खरा की खोटा हे तेच सांगते. आमचे जुने गिऱ्हाईक असलेल्या एका फाउंड्रीच्या अण्णांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "किट विकलंस तर माझे ब्रेकर कोण तपासणार?" आणि त्यांनी वर्षभराच्या देखभालीचे पैसे आगाऊ दिले.

त्यांच्याच मेन एसीबीचा डिले आम्हाला 0.4 वर सापडला. खालच्या फीडरांशी कोऑर्डिनेशन, म्हणजे कोणता ब्रेकर आधी उडायचा तो क्रम, जुळवून तो 0.1 वर आणला, तेव्हा स्टिकरवरचा आकडा एका पानाच्या हिशेबाच्या जोरावर घसरला. म्हणून नव्या कारखानदारांना सांगतो : आर्कपासून वाचवणारा महागडा सूट आधी घेऊ नका, ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरचा इम्पिडन्स आणि प्रत्येक ब्रेकरचे चालू सेटिंग आधी उतरवून घ्या. ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा सेटिंगला कोणी हात लावला, की हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि काहीच बदलले नाही तरी पाच वर्षांच्या आत तो तपासून घ्यावा. त्याचे बिल मात्र देखभालीत धरलेले नसते.