बफरमध्ये रात्रभर

जुलैतला सोमवार, माटुंग्याची लॅब. अल्जिनेट-पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेलच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ, रबरी पदार्थाच्या) पट्टीला ब्लेडने चीर देऊन ताण मोजायच्या मशिनवर ओढली. चीर पुढे सरकलीच नाही, तोंड वासून गोल झाली. मंगळवारी सकाळी त्याच घाण्यातली दुसरी पट्टी लावली. ही रात्रभर ३७ अंशाला पीबीएसमध्ये, म्हणजे शरीरद्रवासारख्या खारट फॉस्फेट बफरमध्ये होती. चीर सरळ आरपार.

पहिला संशय अमोनियम परसल्फेटवर, म्हणजे जेल जमायची क्रिया सुरू करणाऱ्या पावडरीवर. मुंबईच्या पावसाळ्यात बाटली चार वेळा उघडली की पावडर ओल धरते, तिचा जोर जातो आणि जेल अर्धकच्चं राहतं. पण मग सोमवारची पट्टीही लिबलिबीत निघाली असती.

घाणा नेहमीचाच: ५० मिली पाण्यात ७ ग्रॅम अ‍ॅक्रिलअमाइड, १.१५ ग्रॅम अल्जिनेट, साखळ्या एकमेकींना जोडायला ४ मिलिग्रॅम बिसअ‍ॅक्रिलअमाइड, शेवटी ०.१५ ग्रॅम कॅल्शियम सल्फेट. (अ‍ॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला घातक आहे, हातमोजे हवेतच.) कॅल्शियम क्लोराइड घातलं की बाहेर लगेच साय धरते आणि आत पातळ राहतं. सल्फेट सावकाश विरघळतं, म्हणून ते बरं. तेही दोन सिरिंज जोडून झटपट इकडून तिकडे ढकलायचं, नाहीतर गुठळ्या होतात. साच्यावर काच दाबून यूव्हीखाली ५० अंशाला तासभर. काच नीट बसली नाही तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर चिकट राहतो.

उत्तर बशीतच होतं. उजेडासमोर धरली तर पट्टीभोवतीचं पीबीएस दुधाळ झालेलं, आणि पट्टी स्केलवर ठेवली तर चांगली फुगलेली. फॉस्फेटने कॅल्शियम ओढून घेतलं होतं. दुधाळपणा कॅल्शियम फॉस्फेटचाच. रिकाम्या झालेल्या जागा सोडियमने बळकावल्या. २०१२ साली हार्वर्डच्या गटाने हे जेल मांडलं, त्यातली सगळी गंमत अल्जिनेटच्या साखळ्या बांधणाऱ्या कॅल्शियमच्या गाठींत आहे. ओढ बसली की त्या एकेक सुटतात आणि ऊर्जा पिऊन टाकतात. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचं जाळं आकार धरून ठेवतं. गाठीच गेल्या तर चिरेला अडवणार कोण?

पुढच्या पट्ट्या ०.९ टक्के सलाइन, फॉस्फेट नसलेलं हेपेस बफर आणि २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड यांत ठेवल्या. पाणी नितळ राहिलं आणि चीरही थांबली, फक्त सोमवारइतकी नाही, कारण थोडं फुगणं आलंच. पण यात समाधान मानायचं कारण नाही. शरीरद्रवात मोकळं कॅल्शियम जेमतेम १.२ मिलिमोलर, सोडियम १४०च्या घरात. आठवडाभर टिकायचं ड्रेसिंग असेल तर चालेल. गुडघ्याच्या कूर्चेच्या जागी वर्षानुवर्षं भार घ्यायचा असेल तर या जेलला माझं मत नाही.

त्या कामासाठी आता पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) लावलंय. १० टक्के, पूर्ण हायड्रोलाइझ्ड, ९० अंशाला झाकण ठेवून ढवळायचं, नाहीतर वाफ जाऊन टक्केवारी बदलते. बुडबुडे जाईपर्यंत गरम ठेवायचं. मग उणे २० अंशाला १६ तास, बाहेर ८ तास, अशी पाच चक्रं. इथे साखळ्या स्फटिकांनी बांधल्या जातात, फॉस्फेटला ओढून न्यायला काही नसतं. ताकद तरीही मोजायची ती ३७ अंशाला पीबीएसमध्ये पुरती फुगल्यावरच. सध्या तिसरं चक्र चालू आहे.