किडो अढयेत होणा नाय

सहा वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस पुण्याच्या आत्याकडे आम्ही हापूसच्या तीन पेट्या पाठवल्या होत्या आणि त्यांपैकी एका पेटीतील बहुतेक आंब्यांत अळ्या निघाल्या. "वरून अगदी सोन्यासारखा होता रे आंबा," एवढेच आत्या फोनवर म्हणाली. पण तिने ते आंबे शेजाऱ्यांनाही वाटले होते हे कळल्यावर मला दोन दिवस जेवण गोड लागले नाही.

त्याच संध्याकाळी मी माजघरातील उरलेली अढी, म्हणजे पिकण्यासाठी पेंढ्यात रचलेले आंबे, उकलली. एका फळाच्या खांद्याजवळ सुई टोचल्यासारखा बारीक ठिपका होता, त्याभोवती तपकिरी कडे पडले होते आणि अंगठ्याने दाबताच तेवढा भाग आत गेला. कापल्यावर सालीलगतचा गर पिवळाधमक दिसत होता, मात्र कोयीच्या बाजूला त्याचे पाणी झाले होते आणि त्यात पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यांतील एक सारवलेल्या जमिनीवर पडली, तिने अंगाचे वेटोळे केले आणि टुणकन उडी मारून ती दूर जाऊन पडली. पेंढा जुना वापरल्यामुळे हे झाले असे मी म्हणताच काकीने मान हलवली. "झिला, किडो अढयेत होणा नाय, तो झाडावरसून येता."

कीड अढीत होत नाही, ती झाडावरून येते, हे काकीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. फळमाशीची मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, ती एक ते तीन दिवसांत उबतात आणि अळी पुढचा आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस गर खात राहते. आपण आंबा अढीत घालतो तेव्हा तो पिकायलाही साधारण आठ ते बारा दिवस लागतात. म्हणजे काढणीच्या आदल्या दिवशी घातलेले अंडे आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि ज्या दिवशी आंबा खाण्याजोगा होतो, नेमक्या त्याच सुमारास आतील अळीही पूर्ण वाढलेली असते. पेंढ्याची ऊब दोघांनाही सारखीच मानवते. (साक्याचा दोष मात्र या किडीला देऊ नये. साक्यातही फळ बाहेरून निर्दोष दिसते, पण आतील गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट होतो. ती फळाच्या वाढीतील विकृती आहे.)

म्हणून साठवणीची काळजी आम्ही आता अढीच्या आधीपासून घेतो. चौदा आणे (सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेला आंबा झेल्याने, म्हणजे काठीला जाळी लावलेल्या साधनाने, देठासकट काढायचा, तो झाडावर पिकण्याची वाट पाहायची नाही, कारण पिकत्या फळाच्या वासावर मादी हमखास येते. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की तिचा उपद्रव एकदम वाढतो, त्यामुळे उशिराची फळे अढीत घालण्यापूर्वी एकेक हातात घेऊन पाहिली जातात. पडीचा आंबा कितीही चांगला दिसला तरी अढीत जात नाही. पेंढा दरवर्षी नवा आणि कडकडीत वाळलेला असतो, खिडक्यांना बारीक विणीची जाळी असते, आणि पाचव्या दिवसापासून रोज अढी उकलून मऊ पडलेले फळ बाजूला काढले जाते.

पण सर्वांत जास्त फरक पडला तो झाडाखालच्या साफसफाईने. कुजलेल्या फळातून अळी बाहेर पडते, मातीत शिरते, तिथे कोष करते आणि काही दिवसांनी त्यातून नवी माशी वर येते. पूर्वी आम्ही सडकी फळे बांधावर फेकत असू, म्हणजे पुढची पिढी स्वतःच पोसत असू. आता ती रोज गोळा करून दोन फूट खोल खड्ड्यात पुरतो. त्याच्या जोडीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेले रक्षक सापळे टांगतो. त्यातील मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर येऊन मरतात आणि माद्यांचे मीलन कमी होते. परंतु अंडी घालायला निघालेली मादी त्यात सापडत नाही, म्हणून सापळे फळे तयार होण्याच्या बरेच आधी लागले पाहिजेत.

निर्यातीसाठी नियम याहून कडक आहेत. फळमाशीच्याच कारणाने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली होती, ती २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा खुली झाली. तिकडे जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवतात. हे घरी टोपात करून पाहण्याचा मोह कोणी धरू नये, कारण तासभर तापमान स्थिर राहिले नाही तर एक तर साल भाजते, नाहीतर अळी जिवंत राहते.

आमची एक अडचण अजून सुटलेली नाही. शेजारच्या बागेचे मालक मुंबईला असतात, ती बाग राखायला कोणी नसते आणि तिथला सडा जूनपर्यंत तसाच कुजत पडतो. माशीला गडग्याची, म्हणजे मधल्या दगडी कुंपणाची, अडचण नसते. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना फोन करून परवानगी मागितली आणि त्यांनी आनंदाने दिली, तेव्हापासून त्यांच्या झाडांखालचे आंबेही आम्हीच टोपलीने गोळा करून आमच्याच खड्ड्यात आणून पुरतो.