प्रगती नोंद: चाचणीच्या पायरीत एक्स्प्रेशन एडिटर बसवताना

डेस्कटॉप ॲप्लिकेशनच्या चाचण्या पायरी-पायरीने मांडता याव्यात म्हणून फावल्या वेळात मी जे साधन तयार करत आहे, त्यातील ‘अट तपासा’ या पायरीत आता एक्स्प्रेशन (अट मांडणारे छोटे सूत्र) लिहिण्याचा कंट्रोल, म्हणजे पडद्यावरील चौकट, बसला आहे. साधनाचा पाया मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्कमधील वर्कफ्लो फाउंडेशनचा (पायऱ्या जोडून प्रोग्राम बनवण्याची सोय) असून त्याचा डिझायनर, म्हणजे पायऱ्या मांडण्याचा पडदा, माझ्या डब्ल्यूपीएफ (विंडोजवरील पडदे बनवण्याचे तंत्र) विंडोत होस्ट केला, म्हणजे आत बसवला, आहे.

एक्स्प्रेशन-टेक्स्टबॉक्स हा कंट्रोल तयारच मिळतो. त्याला पायरीचा मॉडेल-आयटम (डिझायनरमधील त्या पायरीची नोंद) जोडला, बाइंडिंग, म्हणजे चौकट आणि पायरी यांतील दुवा, दुतर्फा ठेवले आणि अपेक्षित टाइप बूलियन (खरे किंवा खोटे) दिला की तो चालू लागतो. मात्र व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग साधनात टिंब देताच उघडणारी सूचनांची यादी होस्ट केलेल्या डिझायनरमध्ये येत नाही. तिच्यासाठी आय-एक्स्प्रेशन-एडिटर-सर्व्हिस या इंटरफेसने (ठरलेल्या कामांचा आराखडा) मागितलेला कोड आपणच लिहून डिझायनरच्या सर्व्हिसेसमध्ये पब्लिश, म्हणजे नोंद, करावा लागतो. त्या ठिकाणी स्कोपमध्ये असलेली, म्हणजे वापरता येणारी, व्हेरिएबल्स एडिटर तयार होतानाच हाती येतात, ही मोठीच सोय आहे.

माझे सर्वाधिक दिवस गेले ते फोकसपायी, म्हणजे टाइप केलेले कोणत्या चौकटीत जाते यापायी. ‘ओळी’ या लिस्ट व्हेरिएबलपुढे टिंब दिले, पॉपअपमध्ये ‘काउंट’ दिसले, त्यावर माउसने क्लिक केले आणि एडिटरच बंद होऊन चौकटीत अर्धवट ‘ओळी.’ उरले. कारण असे, की क्लिकसरशी कीबोर्ड फोकस टेक्स्टबॉक्समधून लिस्टबॉक्सकडे जात होता आणि मी लगेच ‘लॉस्ट ॲग्रिगेट फोकस’ (एकत्रित फोकस गेला) हा इव्हेंट, म्हणजे इशारा, उठवत होतो; तो मिळताच यजमान एक्स्प्रेशन-टेक्स्टबॉक्स मजकूर पक्का करून एडिटर मिटवतो. या नावातील ‘ॲग्रिगेट’ शब्दाकडे माझे दुर्लक्ष झाले होते: टेक्स्टबॉक्स आणि त्याचा पॉपअप मिळून एकच एडिटर मानायचा, असा त्याचा अर्थ आहे. आता फोकस जाताना इव्हेंटमधील ‘न्यू फोकस’ पाहतो, तो पॉपअपच्या आतला असेल तर इव्हेंट उठवत नाही, आणि निवड होताच फोकस टेक्स्टबॉक्समध्ये परत आणतो. माझ्या मते या कामाचा गाभा सूचनांच्या यादीत नसून या सीमारेषेत आहे.

सध्या एक्स्प्रेशन व्हिज्युअल बेसिकमध्येच लिहावे लागते, त्यामुळे तुलनेसाठी एकच बरोबर चिन्ह द्यायचे. डॉट नेट 4.5 पासून सी-शार्प एक्स्प्रेशनही चालतात, परंतु ती वर्कफ्लो चालवण्याआधी कंपाइल करावी, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलावी, लागतात. तो टप्पा ‘चाचणी चालवा’ बटणामागे जोडण्याचे काम आता हाती घेतले आहे.